काळीचा पट

जेवताना कुणी बोलत नसेल तर आपणही बोलू नये, एवढी साधी गोष्ट चैनलालला पाळता आली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सासुरवाडीची शांतता त्याला सोसत नसे. केशोरी गावातल्या घरात सासरे केशोराव मुकाट्यानं भात कालवत होते, मेहुणा लोकेंद्र मुकाट्यानं पुन्हा भात वाढून घेत होता, आणि चैनलाल तोच एक घास चघळत बसला होता. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं शेजारी पडलेल्या पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली. तिरोड्याबाहेर एक नवा रस्ता बांधून तयार होता (उद्घाटनाला पुढाऱ्याला वेळ मिळत नसल्यामुळे तो नुसताच ऊन खात पडला होता). त्या रस्त्यावर जुन्या मोटारींची शर्यत होणार होती. वळण नाही, चढ नाही. एक किलोमीटर सरळ पळायचं, वेळ मोजायची आणि घरी जायचं.

केशोरावांचा घास हातातच थांबला.

"सरळ?"

"हो बाबा, एकदम सरळ."

"म्हंजे दाणच झाली ना गा!"

शंकरपटात बैलजोड्या ज्या सरळ पट्टीवरून पळवतात तिला दाण म्हणतात. एकेकाळी केशोरावांची जोडी दाणीवर उतरली की बाकीचे जोडीवाले आधीच घरची वाट धरत. कोर्टानं पट बंद केले आणि म्हाताऱ्याचं बोलणंच आटलं. जोडी गेली. रिकाम्या गोठ्यात आता त्यांच्या वडिलांनी घेतलेली जुनी काळी मोटार तेवढी उभी होती. तिला सगळे काळीच म्हणत. गावातल्या नवरदेवांना मारुतीच्या देवळापर्यंत नेणं आणि परत येताना ढकलून आणवून घेणं, एवढंच तिचं काम उरलं होतं.

"आपली काळी उतरवू," केशोराव म्हणाले.

"पण हाकणार कोण?" लोकेंद्रनं विचारलं.

केशोरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. लोकेंद्र मोटारीत बसला की मोटार त्याच्या बाजूला कलायची. म्हाताऱ्याची नजर फिरत फिरत चैनलालवर येऊन थांबली.

"हा तिरोडावाला हाकते."

"मी?" चैनलाल म्हणाला.

"मंग कोण? आपल्यात सर्वात हलका तूच आहेस. पटात हाकणारा हलकाच पाहिजे."

चैनलाल तिरोड्याला एका राइस मिलमध्ये कारकून होता. त्याची स्कूटर अशा बेतानं चाले की ओळखीचे सायकलवाले शेजारून गप्पा मारत येत. तेव्हा 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर तयारच होता. तो बाहेर आला नाही याचं कारण 'तिरोडावाला' हा शब्द. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण केशोरावांनी त्याला एकदाही 'जवाई' म्हटलं नव्हतं. शेजाऱ्यांच्या जावयांना ते 'या जवाईबापू, बसा' म्हणत, हातपाय धुवायला पाणी ठेवत. चैनलालला मात्र 'तिरोडावाला आला वाटते' एवढ्यावर भागवत. पहिल्याच भेटीत त्यांनी आपली जोडी दाखवायला नेलं होतं, एका बैलानं नुसतं नाक फुरफुरवलं आणि नवा जावई सासूबाईंच्या मागे जाऊन उभा राहिला, हे ते विसरले नव्हते. ही गोष्ट चैनलालला आतून फार लागत असे. आज म्हातारा पहिल्यांदाच आपल्याकडे कामाचा माणूस म्हणून बघतोय, असं त्याला वाटलं आणि तो 'हो' म्हणून बसला.

घरी परतताना गोमतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एवढंच विचारलं, "काहो, तुमाले समजून राहिलं का, तुमी काय कबूल केलं ते?"

त्याला समजून राहिलं होतं. म्हणून तर तो बसमधला पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसला होता.

काळी आठवड्याभरात तिरोड्याला चैनलालच्या अंगणात आली आणि तिच्यामागोमाग वळकटी घेऊन केशोरावही आले. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा उदाराम मिस्त्री तयारीला लागला. त्याच्यात आणि केशोरावांत पहिल्याच दिवशी एकमत झालं की वजन कमी केल्याशिवाय वेग येत नाही. मग काळीतून एकेक वस्तू निघू लागली. स्टेपनी निघाली, बंपर निघाले, दारांच्या आतले पत्रे निघाले, मागची लांब सीट निघाली. ती सीट गोमतीनं बैठकीत भिंतीला लावली, वर चादर घातली आणि जाहीर केलं की शर्यत जिंका नाहीतर हरा, हा सोफा आता परत जाणार नाही. सायलेन्सरही निघाला. त्यानंतर काळी सुरू केली की सगळी आळी हादरे. शेजारचे यादोराव एका सकाळी हात जोडून आले.

"चैनलालभाऊ, माही म्हैस दूध देऊन नाही राहिली. तुमची गाडी ओरडली का ते खुंट्याभवती फिरते."

"यादोराव, मलाही झोप येत नाही," चैनलाल म्हणाला. त्याला वाटलं होतं, निदान या बोलण्यावर कुणीतरी शर्यत रद्द करील. पण केशोरावांनी म्हशीसाठी उपाय सांगितला आणि यादोराव खूश होऊन गेले.

मोटारीतलं काढण्यासारखं संपल्यावर वजनाची नजर चैनलालकडे वळली. त्याचा रात्रीचा भात बंद झाला. समोर केशोराव तुपाची धार धरून जेवत आणि हा पातळ वरणाची वाटी घेऊन बसे.

"बाबा, मी आधीच हलका आहे ना?"

"अजून होशील. माह्या पटाचा हाकणारा उभा राहिला का त्याची सावली पडे ना."

सरावाचा दिवस तर त्याहून वाईट होता. चोरखमाऱ्याच्या रस्त्यावर सकाळी कुणी नसतं म्हणून तिथे काळीला नेलं. चैनलालनं हाकणाऱ्याची सीटही काढून तिथे ठोकलेल्या फळीवर बसून हनुमानाचं नाव घेतलं आणि पाय दाबला. काळी आधी खोकली, मग थरथरली आणि मग अशी सुटली की दोन्ही बाजूंची धानाची शेतं त्याला दिसेनाशी झाली. वेगाचा काटा बंद होता, त्यामुळे किती पळालो ते कळायचा मार्ग नव्हता. थांबल्यावर त्याच्या हातांची बोटं स्टिअरिंगवरून उदारामनं एकेक करून सोडवली.

"कसं वाटलं?" केशोरावांनी विचारलं.

"चांगलं," चैनलाल म्हणाला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ते पातळ वरणही ओकून आला. (केशोरावांना हे पसंत पडलं. तेवढंच वजन कमी.)

त्यानंतर त्याचे दिवस नुसते धास्तीत गेले. मिलमध्ये तो कोंड्याच्या पोत्यांवर 'बारीक तांदूळ' असं लिहू लागला. एकदा त्यानं उदारामला बाजूला घेतलं.

"उदारामभाऊ, शर्यतीच्या आधी एखादा छोटा पार्ट तुटू शकते का हो? मोठा नको. छोटासा."

उदाराम दुखावला. "भाऊ, मी बांधलेली गाडी तुटत नाही. तुमी तुटसान, पण गाडी नाही."

चैनलालनं गोमतीकडेही रडगाणं गायलं. ती म्हणाली, "मंग बाबाले सांगून टाका ना, का मले भेव लागते म्हणून."

"तेच तर सांगता येत नाही."

"काऊन?"

काऊन ते सांगणंही त्याला जमलं नाही. इतक्या मोठ्या माणसानं एका शब्दासाठी जीव धोक्यात घालावा, हे बायकोपुढे बोलायची त्याला लाज वाटली.

शर्यतीच्या सकाळी तो बाहेर आला तेव्हा केशोराव काळीजवळ अंघोळ करून उभे होते. त्यांनी काळीच्या बोनेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग स्वतःच्या हातानं चैनलालच्या डोक्याला आपला पटाचा लाल फेटा बांधला. त्यांच्या धोतराला पेट्रोलचा वास येत होता, पण त्या दिवसांत चैनलालला चहालाही पेट्रोलचाच वास येत होता, म्हणून त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही.

"या फेट्यानं कधी हार पाहिली नाही," केशोराव म्हणाले. "सांभाळजो."

आणि काय झालं कोण जाणे, चैनलालची भीती तशीच राहिली, पण तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं. आपण जिंकलं पाहिजे, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

रस्त्यावर ही गर्दी! पट बंद झाल्यापासून अशी माणसं जमली नव्हती. केशोरी, अर्जुनी, कुठकुठल्या गावांचे जुने जोडीवाले केशोरावांची काळी बघायला आले होते आणि त्यांना रामराम घालत होते. म्हातारा पुन्हा दहा वर्षांनी लहान दिसत होता. नागपूरहून आलेल्या मोटारी आरशासारख्या चकाकत होत्या. त्यांच्यापुढे काळी शेण सारवल्यासारखी दिसत होती, पण आवाजात तिला तोड नव्हती.

काळीला रेषेवर उभं केलं आणि नेमकं त्याच वेळी उशिरा पोचलेल्या प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. उदाराम खुणेनं सांगत होता, इंजिन बंद करा. चैनलाल काही ऐकेना. एकदा बंद झालेली काळी पुन्हा सुरू होते की नाही हे तिचं तिलाच ठाऊक नसे. तेव्हा पाहुणे वाहतूक, विकास आणि तरुण पिढी यांवर बोलत राहिले आणि काळी उभ्या जागी गुरगुरत राहिली. चैनलालला भाषण संपावं असं वाटत होतं आणि कधीच संपू नये असंही वाटत होतं.

झेंडी पडली.

पुढचं लोकांनी पाहिलं, चैनलालनं नाही, कारण त्याचे डोळे अर्धे मिटले होते. पण काळी सुटली ती खरोखर पटातल्या जोडीसारखी सुटली. लोक "हाण, हाण!" म्हणून ओरडत होते. फेट्याचा शेमला मागे उडत होता. आधी पळालेल्या नागपूरच्या हिरव्या मोटारीनं अर्ध्या रस्त्याला घेतलेला वेळ काळीनं आधीच मागे टाकला होता, असं घड्याळवाला नंतर शपथेवर सांगत होता. चैनलाल ओरडत होता. भीतीनं की आनंदानं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आणि मग काळी खोकली. एकदा, दोनदा. आवाज बंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शांतपणे, एखाद्या म्हातारीसारखी सावकाश सरकत ती शेवटच्या रेषेच्या अलीकडे हातभर अंतरावर येऊन थांबली.

माणसं धावत आली. उदारामनं बोनेट उघडलं, तारा ओढून पाहिल्या, मग टाकीचं झाकण काढून आत काडी घातली. काडी कोरडी बाहेर आली.

"पेट्रोलच नाही!" उदाराम ओरडला. "काल मी सोता फुल केली होती. गेलं कुठं?"

गर्दीत खसखस पिकली. चैनलालनं केशोरावांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं होतं. ते जवळ आले आणि त्याच्याच कानाशी अगदी हळू पुटपुटले, "पटाच्या दिवशी जोडीले पोटभर देत नाही गा. सकाळी काढून घेतलं मी. एका दाणीपुरतं ठेवलं होतं. भाषण होईल हे कोणाले मालूम?"

मागे सगळे जुने जोडीवाले उभे होते. चार तालुक्यांचा पटवाला पेट्रोल काढून मोटार पळवायला आला, ही गोष्ट पुढच्या बाजारापर्यंत गावोगाव गेली असती. केशोराव फेट्याकडे बघत होते. चैनलालला त्यांची फार दया आली.

"चूक माझी आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "पेट्रोल मीच काढलं. गाडी हलकी व्हावी म्हणून."

मग काय विचारता! लोक पोट धरधरून हसले. कुणी म्हणालं, जोडीवाला खरा, पण जावई पुस्तकी. कुणी म्हणालं, कारकुनाच्या हाती मोटार दिली की असंच व्हायचं. नागपूरच्या मंडळींनी त्याचा फोटो काढला. केशोराव सगळं ऐकत उभे राहिले. जाताना त्यांनी चैनलालच्या डोक्यावरचा सुटलेला फेटा नीट खोचून दिला.

घरी आल्यावर चैनलाल त्या मोटारीच्या सोफ्यावर कोसळला. गोमतीला खरं काय ते सांगावं, निदान एका माणसाला तरी कळावं, असं त्याला फार वाटलं. त्यानं सांगितलं.

"मले मालूम आहे," गोमती भात वाढत म्हणाली. "बाबा नळी लावून पेट्रोल काढून राहिले होते, तवा बादली मीच धरली होती."

"तू? मग मला सांगितलं काऊन नाही?"

"तुमाले बिना पेट्रोलची गाडीच बरी, असं वाटलं मले. हातपाय शाबूत आले ना घरी? मंग. जेवा आता पोटभर. आणि ते पेट्रोल वाया नाही गेलं, तुमच्या स्कूटरमंधी भरून ठेवलं."

दुसऱ्या सकाळी केशोरावांना केशोरीकडे जायचं होतं. चैनलालनं त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि बसस्टँडकडे निघाला. टाकी काठोकाठ भरलेली होती, रस्ता मोकळा होता, पोटात भात होता. मग म्हाताऱ्यानं घसा खाकरला आणि चैनलालच्या खांद्यावर हात ठेवला.

"जवाईबापू."

चैनलालच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांचं सगळं फिटलं असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "बोला, बाबा."

"जरा जोरात हाका. आत्ता आपल्या बाजूनं गेली ना, ते माही बस होती."