खांदा उतरलेला बाजार

नरसय्यामामांनी मला पहिली हाक मारली ती शेअर बाजाराचा खांदा बघायला.

मी नुकतीच त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं आले होते. मशीन मांडून शाळेच्या शर्टांना कॉलर लावत होते. मधल्या दारावरच्या पडद्याआडून आवाज आला, "अम्मा, जरा हितं ये की. तू शर्ट शिवतीस न्हवं? हा खांदा बघून सांग."

अम्मा म्हणजे मीच; त्यांच्या तेलुगूत लेकीबाळींनाही अम्मा म्हणतात. मला वाटलं, मामांचा सदरा उसवला असेल. टेप गळ्यात घालूनच आत गेले. बघते तर मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून, लग्नाला निघाल्यासारखे संगणकासमोर बसलेले. संगणकावर लाल-हिरव्या कांड्यांची रांग.

"हे मधलं डोकं," मामा बोट लावून म्हणाले. "हा डावा खांदा. हा उजवा. सरळ हाय का?"

मी घाबरत घाबरत म्हटलं, "उजवा अर्धं बोट उतरला जी."

"मग पडणार!" मामा मांडीवर थाप मारून म्हणाले. "शिवणाऱ्या बाईचा डोळा हाय. चुकायचा न्हाय."

बाजार पडला नाही. उलट दिवसभर वर वर चढत गेला. मला वाटलं, आता मामा खोली खाली करायला सांगणार. पण संध्याकाळी त्यांनी पडद्याआडून चहाचा कप पुढे केला. "तुझी चूक न्हाय. कापडच खराब होतं."

माझं गाव तिकडं गडचिरोलीच्या अंगाला. सातवीत शाळा सुटली, मग शिवणकाम शिकले, आणि सोलापुरात गणवेशाचं काम बारा महिने मिळतं असं ऐकून इतक्या लांब आले. खोली मागायला गेले तेव्हा सगळे घरमालक विचारायचे, तुझ्यासोबत कोण, पगार किती. मामांनी एकच प्रश्न विचारला होता, "हितं न्हाय जमलं तर कुटं जाणार? स्टॉपलॉस कुटं ठेवलाय?"

स्टॉपलॉस म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मामांनी समजावलं, सौदा करतानाच ठरवायचं की इतकं नुकसान झालं की बाहेर पडायचं. ती रेघ आधी आखायची, मग आत शिरायचं. मी म्हटलं, माझ्याकडं अशी काही रेघ नाही जी. माघारी जायला जागाच नाही. आणि डोळ्यांत पाणी आलं. मामा गोंधळले. दोनदा चष्मा काढला, दोनदा घातला. मग म्हणाले, "रडू नको. ही खोलीच स्टॉपलॉस समज. ह्याच्या खाली काय जाणार न्हाईस."

त्या दिवसापासून ह्या माणसाचं काहीही ऐकायचं असं मी ठरवून टाकलं. ऐकायला पुष्कळ होतं.

मामांचा स्टॉपलॉस सगळीकडं असायचा. चहा दोन घोट घेऊन कडक वाटला तर कप खाली ठेवायचे, "निघालो." भाजीवाल्याशी घासाघीस करताना त्याचा आवाज चढला की पिशवी झटकून, "निघालो." एकदा शेजारच्या घरी लग्न ठरवायची बैठक चालली होती. मामांनी मुलाच्या वडलांना भर बैठकीत विचारलं, "तुमचा स्टॉपलॉस कुटं हाय?" तेव्हापासून त्यांना बैठकीला कुणी बोलावत नाही.

दुसरा नियम मुक्कामाचा. बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला मिटतो. सकाळी घेतलेला सौदा बाजार मिटायच्या आत मोडून मोकळं व्हायचं. रात्रीचा मुक्काम द्यायचा नाही. "रात्रीत काय बी होतं की, अम्मा. झोपताना हातात काय ठेवायचं न्हाय." म्हणून घरात शिळी भाकरी नाही, उसनी वाटी नाही, भांडणसुद्धा नाही. पाण्यावरून माझ्याशी कधी खटका उडालाच तर संध्याकाळी पडद्याआडून यायचं, "अम्मा, सकाळचं मोडून टाकलं बरं का."

मामा मूळचे चादरीवर नक्षी काढणारे. बारीक चौकटींच्या कागदावर एक एक चौकट रंगवत मोर, कमळ, हत्ती उभे करायचे; मग त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडून ती नक्षी मागावर चढायची. पुढं ते सगळं संगणकावर गेलं. कारखानदारानं मामांना तो शिकायला बसवलं, आणि मामा त्यावर भलतंच शिकून आले. ते म्हणायचे, "बाजार म्हंजे चादरच की. दर पाच मिनिटाला एक कांडी. वर गेला तर हिरवी, खाली आला तर लाल. फकस्त विणणारा दिसत न्हाय."

उन्हाळ्याच्या दुपारी मला ते खरंच वाटायचं. बाहेर ऊन पांढरं झालेलं, गल्लीत कुणी नाही, लांबून कुठल्यातरी यंत्रमागाची खडखड. मधल्या दाराचा पडदा म्हणजे मामांच्याच नक्षीची जुनी चादर होती, विरलेली. संगणकाचा उजेड तिच्यातून माझ्या शर्टांवर यायचा. कधी पांढऱ्या कापडावर हिरवी सावली, कधी लाल. पाय मशीनवर चालू असायचे आणि डोळा लागायचा. अर्धवट झोपेत दिसायचं, आमच्या गावच्या जंगलापासून इथपर्यंत एक लांबच लांब कापड विणलं जातंय आणि मी त्याच्या काठावरून चालत येतेय.

"अम्मा, सुई!" पलीकडून आवाज यायचा. मशीनची लय बदलली की मामांना कळायचं.

ह्या नक्षीनंच मामांचा घात केला होता. ते मी नंतर ऐकलं, त्यांच्याच तोंडून. एकदा संगणकावर कांड्यांचा मोर उमटत होता. मान झाली, पाठ झाली, पिसाऱ्याची डावी बाजू झाली. उजवीला फक्त चार हिरव्या कांड्या हव्या होत्या. बाजार वर जाणार असं धरून मामांनी सौदा घेतला. बाजार पडू लागला. स्टॉपलॉसची रेघ आली, मामांनी ती पुसली. मोर पुरा झाल्याशिवाय उठायचं कसं? बाजार मिटला तरी ते मुक्कामाला थांबले. दुसऱ्या दिवशी बाजार उघडलाच इतका खाली की मोर, मान, पिसारा, मामींचे दागिने, सगळं गेलं. मामी त्याआधीच देवाघरी गेलेल्या, म्हणून त्यांना ते बघावं लागलं नाही.

तेव्हा त्यांची लेक पद्मजा पुण्याहून आली. नोकरीवाली, शिस्तीची. तिनं अट घातली, रोज बाजार मिटायच्या आत मी फोन करणार, सौदा मोडला का विचारणार. एकदा जरी मुक्काम दिलात तर घराला कुलूप आणि तुम्ही पुण्यात.

त्यामुळं रोज तिसऱ्या प्रहरी मामांचा बटणांचा फोन वाजायचा.

"नान्ना, मोडला?" त्यांच्यात वडलांना नान्ना म्हणतात.

"मोडला, बाळा. आज अम्मानं खांदा बघून दिला, तरी लई वढाताण झाली बघ. वरून मारला, खालून मारला. थोडक्यात निसटलो." मग जेवलात का, गोळी घेतली का, तिकडं पाऊस हाय का. मामा त्या वेळी उभं राहून बोलायचे.

एके दिवशी ऐन दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, आणि पडद्यावरचा हिरवा उजेड विझला. मामा तर सकाळीच ओरडले होते, "शिरलो रे आत!" सौदा उघडा, संगणक बंद, मोडणार कसा? मोडला नाही तर मुक्काम, मुक्काम झाला तर कुलूप.

मी तशीच अनवाणी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात पळाले. "भाऊ, लवकर चला! मामांचा बाजार अडकला!" दुकानदार बिचारा लॅपटॉप काखेत मारून माझ्यामागं धावत आला. आत आलो तर मामा खिडकीशी बसून शांतपणे शेंगा सोलत होते.

"मामा, सौदा! सौदा मोडा जी आधी!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या पायांकडं बघितलं. दुकानदाराला शेंगा दिल्या, वाटेला लावलं. मग म्हणाले, "बस. पाणी पी. सौदा नव्हताच की, अम्मा."

"म्हणजे आज नव्हता?"

"मोर गेला त्यानंतर एक बी न्हाय केला. नुसतं बघतो. नक्षी बघतो."

"मग पद्माताईंना रोज सांगता ते?"

मामा शेंगा सोलत राहिले. "मोराआधी ती फकस्त दिवाळीला फोन करायची," इतकंच म्हणाले.

थोड्या वेळानं फोन वाजला. मामा उठून उभे राहिले, शर्ट नीट केला. "मोडला, बाळा. आज तर लाईटच गेली मधी! अम्मा अनवाणी पळाली बघ माझ्यासाठी."

त्याच आठवड्यात पद्माताई आल्या. मामा भाजी आणायला गेले तसं त्या पडदा सारून माझ्या खोलीत आल्या, मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"खरं सांगा ताई. नान्ना अजून सौदे करतात?"

हो म्हटलं तर त्या मामांना घेऊन जाणार. नाही म्हटलं तर उद्यापासून फोन कशाला करायचा? मी उगाच दोरा ओवायला घेतला. तो काही सुईत जाईना.

"करतात जी," मी म्हटलं. "एकच. रोजचा. तुमचा फोन आला की मोडतात."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तोटा होतो का?"

"ज्या दिवशी फोन लागत नाही त्या दिवशी होतो जी."

त्यांनी माझ्या हातातला दोरा घेतला, ओवून दिला. मग पडद्याच्या चादरीवरून बोट फिरवत बसल्या. एका कोपऱ्यात मोर होता, विरलेला. "ही माझ्या बारशाला विणली होती," म्हणाल्या.

सोमवारी बाजार उघडला. दुपारी ठरल्या वेळी फोन वाजला. मी मशीन थांबवलं.

"मोडला, बाळा," मामा म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण मामांचा आवाज एकदम बदलला. "खांदा? आजचा? थांब, थांब हं, ठेवू नको. अम्मा! अगं, पद्मा विचारतीय, आज खांदा कसा हाय. ये, बघून सांग."

मी आत गेले. मामा फोन हातात धरून संगणकाकडं तोंड करून उभे होते. मी टेप लावून, सावकाश, दोन्ही बाजू मोजायला घेतल्या. घाई करायचं काही कारण नव्हतं.