हळदीची बिअर

भालेरावांच्या घरी चहासुद्धा फलाटावर लागायचा.

"सर, आपला चहा फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे," असं ते आतून पुकारायचे, आणि मी मुकाट्याने खिडकीतल्या कपाकडे हात न्यायचो. दामोदर भालेराव भिवंडीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. ड्युटी संपली की गणवेश खुंटीला लागायचा, पण आवाज तसाच घरी यायचा. नारपोलीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या, त्यामुळे भाजीवालीला दिलेली सूचनाही मला ऐकू यायची. "मेथीवाल्या ताईंनी नोंद घ्यावी, कालची जुडी आतून पिवळी होती."

लोक हसायचे. मीही हसायचो, आणि मग मला वाईट वाटायचं. मला कशाचंही वाईट वाटतं, तो माझा स्वभावच आहे. पण या माणसाला हसल्याचं जरा जास्त वाटायचं, कारण त्याची एक गोष्ट मी स्टँडवर डोळ्यांनी पाहिली होती. 'रद्द' हा शब्द भालेराव माइकवर उच्चारत नसत. गाडी येणार नसली की ते केबिनचं दार उघडून बाहेर यायचे, बाकांवर बसलेल्या माणसांपर्यंत चालत जायचे आणि घरातल्या आवाजात सांगायचे, "आज नाही यायची हो ती. मुरबाडची लागलीये, निम्म्या वाटेपर्यंत जाता येईल." मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "सर, वाईट बातमी कर्ण्यातून देऊ नये. ऐकणाऱ्याला कोणाकडे बघावं तेच कळत नाही."

घरात ते आणि त्यांची मुलगी वैशाली, एवढीच माणसं. बायको गेली तेव्हा वैशाली चौथीत होती. पुढे ती नर्स झाली, आणि नांदेडच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं. मुलगा चांगला, मुलीला पसंत. त्या मंडळींनी सगळं सोपं करून टाकलं. लग्न विहारात, साधेपणाने. तारीख तुम्ही सांगा, म्हणाले.

राहिली हळद. आता आमच्याकडची हळद म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. लग्नाला कोण आलं ते लोक विसरतात. हळदीला मटण कसं होतं आणि बिअर कुठली होती, ते वर्षानुवर्षं सांगतात. वैशालीची अट होती की कर्ज काढायचं नाही, म्हणजे बिअर स्वस्तातलीच येणार. भालेरावांची अट होती की पोरीच्या हळदीत एकाही माणसाने ग्लास खाली ठेवून तोंड वाकडं करता कामा नये.

"बिअर ठरली की तारीख कळवतो," असं त्यांनी नांदेडला सांगून टाकलं.

ठरवायची कशी, ते त्यांना शेंगदाण्याच्या पुडीने शिकवलं. पुडीच्या कागदावर छापलं होतं की परदेशात जाणकार लोक डोळे बांधून दारू चाखतात. पुढच्याच शुक्रवारी आम्हाला बोलावणं आलं.

शुक्रवारच का, तर शुक्रवारी गावातले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद. एरवी रात्रंदिवस खटखट चालायची आणि आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. शुक्रवारी लूम थांबायचे, आमचं ओरडणं थांबायचं नाही.

"हळू बोला," भालेराव म्हणायचे. "लूम बंद आहेत, माणसं बहिरी नाही झालेली."

आम्ही तिघं. काल्हेरचा पाटील, गोदामावर सुपरवायझर, आजवर जेवलेली प्रत्येक हळद तोंडपाठ असलेला माणूस. मी, पालिकेच्या शाळेतला मास्तर. सकाळी मुलांना 'व्यसनाचे दुष्परिणाम' हा निबंध घालून दुपारी इकडे यायचो. बायकोला सांगायचो, भालेरावांकडे लग्नाचं काम आहे. ते खरंच होतं, म्हणून तर जास्त टोचायचं. आणि तिसरे इब्राहिमभाई. त्यांचे स्वतःचे लूम होते. जुम्म्याची नमाज आटोपून यायचे, थेंबाला शिवायचे नाहीत, लिंबूसरबत घेऊन दाराशी बसायचे. "मी पीत न्हाय, म्हणून पंच मीच. पिणारा पंच कुठे असतो का?" डोळे बांधायला कोऱ्या कापडाच्या पट्ट्या त्यांच्याच कारखान्यातून यायच्या.

बाटल्या वैशालीच्या ताब्यात. स्वयंपाकघराच्या पडद्याआड ती मोराची, किल्ल्याची आणि तलवारीची, अशा तीन छापांच्या स्वस्त बिअर तीन स्टीलच्या ग्लासांत ओतायची. कुठल्या ग्लासात काय, हे तिलाच ठाऊक. मग भालेराव ग्लास आणून आमच्या हातात द्यायचे.

"सर्व प्रवाशांनी नोंद घ्यावी. ग्लास क्रमांक एक आलेला आहे. एकच घोट घ्यावा. पाटील, एकच."

"आरं, एका घोटात काय कळतंय? आतून हाक तरी येऊ दे!"

"चुरमुरे खावेत, चूळ भरावी. ग्लास क्रमांक दोन."

"ही बरी हाय. न्हाय, थांब. हिला घराण्याची चव हाय."

"बिअरला कसलं घराणं, पाटील?" इब्राहिमभाई दारातून म्हणायचे.

"तू गप रं, सरबतवाल्या!"

भालेराव स्वतःही पट्टी बांधून चाखायचे. आधी ग्लास कानाशी न्यायचे, फेस बसतो तो ऐकायचे, मग घोट घ्यायचे आणि तो जिभेवर घोळवत बसायचे. त्यांची ती एकाग्रता पाहून मला माझ्या आयुष्यातले सगळे घाईचे निर्णय आठवायचे.

पहिल्या शुक्रवारी पाटलाने आणि मी एकच ग्लास निवडला. निकाल लागला, असं आम्हाला वाटलं. भालेराव म्हणाले, आज उकाडा फार होता, धरायचं नाही. पुढच्या वेळी म्हणाले, पाटलाने येताना सुकट खाल्लीय, जिभेचा भरवसा नाही. त्यानंतर आमचं जमेचना. पाटलाला एक नंबर लोखंडासारखा लागायचा, मला तोच मऊ लागायचा. पुढच्या शुक्रवारी नेमकं उलटं. भांडण इतकं वाढायचं की पट्ट्या डोळ्यांवर तशाच ठेवून आम्ही एकमेकांकडे बोटं नाचवायचो, आणि बहुधा चुकीच्या दिशेला. पावसाळा सरला. नांदेडहून दर आठवड्याला स्टँडवर फोन यायचा.

पाटलाची एक वेगळीच तक्रार होती. "पयल्यांदा चाखून झाल्यावर तीन बाटल्यांतलं केवढं उरायचं! आताशा काय उरतच न्हाय. जातंय कुठं?"

त्या दिवशी उठल्यावर इब्राहिमभाईंनी मला गल्लीच्या कोपऱ्यावर नेलं. "मास्तर, तुम्ही डोळे बांधून असता, मी मोकळा असतो. पहिल्या दोन शुक्रवारी आतून बूच उघडल्याचा आवाज तीन-तीनदा आला. नंतर दर वेळी एकदाच येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे एकच बाटली. पोरगी तिन्ही ग्लासांत तीच ओतते."

मी तिथेच उभा राहिलो. एकाच बिअरसाठी आम्ही महिनोन्‌महिने घराणी काढत होतो. आधी हसू आलं, मग कारण लक्षात आलं. निकाल लागू नये म्हणून ती हे करत होती. निकाल नाही, तर तारीख नाही. तारीख नाही, तर बापाला एकटं टाकून जाणंही नाही.

मला असली गोष्ट पोटात ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन मी केबिनचं दार वाजवलं. भालेराव बाहेर आले. मी चाचरत बुचांचं सांगितलं.

ते फलाटाकडे बघत राहिले. म्हणाले, "मलाही ऐकू येतात हो बुचं. दिवसभर या गोंगाटात गाड्यांचे आवाज ओळखतो मी."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलणार? पहिल्या दोन शुक्रवारी उकाडा आणि सुकट मीच काढलं होतं. वाटलं, वेळ काढणारा मी एकटाच आहे. मग कळलं, ती पण तेच करतेय." मग म्हणाले, "बरं वाटलं, सर. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं."

आत जाऊन त्यांनी एक गाडी पुकारली आणि ते परत बाहेर आले.

"काल सकाळी नांदेडच्या मुलाने स्वतः फोन केला," ते म्हणाले. "चिडला नाही. एवढंच विचारलं, 'बाबा, वैशालीचं मन बदललंय का? बदललं असेल तर मला सांगा, मी घरच्यांना समजावतो.'"

पुढच्या शुक्रवारी आम्ही पट्ट्या बांधल्या. आतून बूच एकदाच वाजलं. या वेळी मलाही ऐकू आलं. ग्लास आले, पण घोषणा झाली नाही. एक, दोन, तीन, भालेराव नुसते हातात देत गेले. पाटलाने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले,

"दोन नंबर. ठरलं."

"आरं, आमाला इचारशील का न्हाय?"

"नाही. दोन नंबर. पाटील, उद्या ऑर्डर दे. कार्तिकातली तारीख मी आज नांदेडला कळवतोय."

मी पट्टी वर सरकवली. ते स्वतःचेही डोळे बांधून पडद्याकडे तोंड करून बसले होते.

आतून वैशाली म्हणाली, "बाबा, घाई कशाला? अजून एक शुक्रवार बघू या ना."

"नको, बाय. मला हीच आवडली."

आत ग्लास ठेवल्याचा आवाज झाला. पाटलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो पट्टी सोडत म्हणाला, "ते समदं ठीक हाय. पन दोन नंबर म्हंजी कंची? मोराची, किल्ल्याची का तलवारीची? मी दुकानात जाऊन काय सांगू?"

"मला काय माहीत?" भालेराव म्हणाले. "ते तिलाच ठाऊक. तिला विचार."

"वैशाले! कंची गं?"

पडदा हलला नाही. तिने तेव्हाही सांगितलं असतं की तिन्ही एकच होत्या, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. इब्राहिमभाईंनी सरबताचा ग्लास तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. बाहेर गल्लीत कोणीतरी सायकल ढकलत चाललं होतं, तिची साखळीसुद्धा ऐकू येत होती.

"काय गं, झोपलीस का काय?" पाटील म्हणाला.

"मोराची," ती म्हणाली. शब्द स्वच्छ होता. "दोन नंबर मोराची होती, पाटीलकाका."

"मना वाटलंच हुतं!" पाटील म्हणाला.

भालेरावांनी चाचपडत ग्लास उचलला आणि पट्टी न सोडताच सगळा संपवला.