रेघेच्या आत तीन सूत

जनावराला थोपवायला कुंपण लागतं. माणसाला फक्कीची रेघ पुरते. संस्कृती म्हणतात ती एवढीच. ती कुठवर रुजली आहे हे बघायचं असेल तर त्यासाठी राजधान्या आणि न्यायालयं हिंडायची गरज नाही. ऑगस्टातल्या एखाद्या शनिवारी पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यात यावं आणि ढोल-बिगूल पथकांची स्पर्धा चालू असताना मैदानाच्या कडेची पांढरी रेघ बघावी. मैदानावरच्या साठ माणसांकडे बघू नये. आमच्याकडे त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

ती साठ माणसं आठवडाभर खाणीत, न्हाव्याच्या दुकानात किंवा पोस्टात असतात. शनिवारी ती लोकरीचे कोट आणि पिसांच्या उंच टोप्या घालून तेरा मिनिटं चालत चालत वाजवतात, आणि चालता चालता चांदण्या, बाण, घंटा अशा आकृत्या काढतात. वाजवणं चांगलं झालं तर गुण मिळतात. ते किती मिळावेत यावर पाच पंचांची पाच मतं असू शकतात, कारण संगीत ही शेवटी आवडीनिवडीची गोष्ट आहे. रेघेचं तसं नाही. पाऊल रेघेबाहेर पडलं की पडलं. त्यामुळे आमच्या भागात संगीताबद्दल बोलणारा माणूस जरा चंचल समजला जातो आणि रेघेबद्दल बोलणारा भारदस्त.

स्पर्धा भरवणाऱ्या महामंडळाची नियमावली एकशेबारा पानांची आहे. त्यातली संगीताची पानं चार (त्यातलं एक कोरं). उरलेल्यांत रेघ आहे. एक पाऊल बाहेर गेलं की एक दशांश गुण कापायचा, दोन गेली की दोन दशांश. म्हणून अनुभवी वादक चुकून बाहेर गेलाच तर लंगडी घालत परत येतो. पाऊल हवेत असताना रेघेच्या पलीकडे गेलं तर काय, हा प्रश्न १९५८ साली निघाला. त्यावर नेमलेल्या समितीने चौदा महिने बसून असा निर्वाळा दिला की रेघ जमिनीपासून सरळ वर आकाशापर्यंत जाते. (समितीतल्या एका सभासदाने, जो चर्चमध्ये घंटा वाजवायचा, वेगळं मत नोंदवलं आहे. त्याच्या मते ढगांच्या वर महामंडळाचा अधिकार चालत नाही.) हातातली वस्तू पडली तर एक दशांश. ती वादकाने उचलायची नाही, पंचाने उचलायची, म्हणजे कोणाला वाकायचा मोह होत नाही. आणि पथकाबाहेरचं कोणी कार्यक्रम चालू असताना रेघ ओलांडून आत आलं, तर एकदम दोन गुण. हे कलम १९६१ साली एका कुत्र्यामुळे आलं. त्या वेळी कुत्र्याचे चार पाय धरायचे की दोन यावर निकाल तीन आठवडे अडला होता.

शेवटी पंच पिस्तुलाचा बार काढतो. बार झाला की कार्यक्रम संपला. मग रेघ ही रेघ राहत नाही, नुसता चुना होतो, आणि तिच्यावरून बायका, मुलं, कुत्री खुशाल जातात.

आमच्या पट्ट्यातले रेघेचे पंच म्हणजे ऑर्व्हिल डेंगलर. आठवडाभर ते सरकारी वजन-माप निरीक्षक असत आणि खाटकांच्या तराजूखाली वाकून बघत. शनिवारी ते रेघेवर पोटावर झोपत, कारण उभं राहून पाहिलं तर दृष्टी तिरकी जाते असं त्यांचं म्हणणं होतं. खिशात पोलादी पट्टी आणि हातात घड्याळ. त्यांनी सख्ख्या जावयाचा एक दशांश लग्नाच्या आदल्या दिवशी कापला होता. लग्नात जावयाने त्यांचे आभार मानले. असा माणूस.

आता १९६६ सालाकडे येतो. आमचं ब्रेकरटनचं पथक सलग अकरा वर्षं दुसरं येत होतं. पहिलं यायचं ते डोंगरापलीकडचं लीडीविल. आमच्या खाणी एकेक करून बंद पडत होत्या, त्यांची एक अजून चालू होती. आमचा सिनेमा बंद झाला, त्यांनी त्यांचा रंगवून घेतला. तेव्हा स्पर्धेचा चषक म्हणजे नुसता चषक नव्हता, गाव अजून आहे याचा तो दाखला होता. त्या वर्षी लीडीविलचा कार्यक्रम आमच्या आधी झाला. त्यांचे गुण जाहीर झाले, पंच्याऐंशी पूर्णांक तीन दशांश. मग आम्ही उतरलो. आम्ही म्हणजे ते. मी दोन वर्षांपूर्वी गुडघ्यामुळे बिगूल सोडला होता आणि पोस्टमन लेस्टर यॉस्टबरोबर प्रथमोपचाराच्या स्ट्रेचरवर होतो. तोही जुना बिगूलवालाच. स्ट्रेचरचा पुढचा भाग त्याच्याकडे, मागचा माझ्याकडे.

अकराव्या मिनिटापर्यंत सगळं असं झालं की माणसं बोलायची थांबली. एकही पाऊल बाहेर नाही. मग घंटेची आकृती मोडून पथक मागे सरत असताना स्टॅश कोसीबा पडला.

स्टॅश आमचा मोठा ढोलवाला. वय चोपन्न, वजन ढोलासकट तीनशे पौंड. त्याने मागे टाकायचं पाऊल बरोबर टाकलं, मोजून टाकलं, आणि मग उताणा झाला. पोटावर ढोल आभाळाकडे तोंड करून. डोकं आमच्या बाजूला, रेघेपाशी. चेहरा शिजवलेल्या कोबीच्या पानासारखा. डेंगलर पोटावर सरपटत आले, त्यांनी पट्टी लावली आणि वहीत लिहिलं : रेघेच्या आत, तीन सूत.

इथे नियमावलीचं थोरपण दिसतं आणि तिची मर्यादाही. पडलेल्या माणसाबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. डेंगलरांनी झोपल्या झोपल्या, मोठ्याने, न्यायाने विचार केला. ढोल पडला असं म्हणता येणार नाही, कारण तो माणसाला बांधलेला आहे. माणूस पडला आहे, पण माणूस ही हातातली वस्तू नव्हे. टोपीचं पीस वाऱ्याने अधूनमधून रेघेपलीकडे जातं आहे हे खरं, पण ते मूळ शहामृगाचं, आणि शहामृग पथकाचा सभासद नाही, बाहेरून आतही आलेला नाही. तात्पर्य, वादकाने हालचाल न केल्यास दंड शून्य.

हे स्टॅशने ऐकलं. त्याला नियमावली तोंडपाठ होती. तो हलायचा बंद झाला.

पथक थांबलं नाही. थांबलं असतं तर वेळेचा दंड होता. पुढच्या आकृतीत झांजवाल्यांची रांग नेमकी स्टॅशवरून जायची होती. ती गेली. सातही जणांनी गुडघे एकाच उंचीवर उचलले. चालीच्या पंचाने त्यासाठी वेगळी शाबासकी लिहिली आहे, मी ती वाचली आहे.

लेस्टर आणि मी स्ट्रेचर घेऊन धावलो. ढिलाई झाली असं कोणी म्हणू नये, चाळीस यार्ड आम्ही एका दमात कापले. आणि रेघेशी थांबलो. ठरवून नाही. वीस-वीस वर्षं ज्या पायांना मंगळवारी आणि गुरुवारी सरावात रेघेशी थांबायला शिकवलं होतं, ते थांबले. नुसते थांबले नाहीत, ढोलांच्या ठेक्यावर जागच्या जागी कदमताल करायला लागले. डावा, उजवा, डावा.

“जा की पुढे,” मी म्हणालो.

“जातोय,” लेस्टर म्हणाला, आणि गेला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “तू मागून ढकल.”

मी ढकललं असतं, पण त्यासाठी कदमताल थांबवावा लागला असता.

खालून स्टॅश ओठ न हलवता बोलला. “आत आलात तर याद राखा, दोघंही.”

एवढ्यात त्याची बायको लॉटी आली. लॉटी कधीच पथकात नव्हती. ती स्पर्धेच्या दिवशी फाटकापाशी पिरोगी विकायची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, कांदा-लोण्यात परतलेल्या, आणि कार्यक्रमाकडे पाठ करून उभी असायची. घाई लागली की झारा हातातच राहतो, तसा तो राहिला होता. रेघेपाशी आल्यावर तीही थांबली. एवढी माणसं थांबलीत म्हणजे काही कारण असेल असं तिला वाटलं असावं.

“स्टॅश, काय होतंय?”

“काही नाही.”

“डावा हात?”

“आहे.”

“आहे ते दिसतंय मला. दुखतोय का?”

स्टॅशने जरा विचार केला. खोटं बोलायला दंड नव्हता, पण मान हलवायला असू शकत होता. “लॉटी, जा तू. तुझ्या पिरोगी करपतील.”

“करपू देत.” ती डेंगलरांकडे वळली. “डेंगलरसाहेब, माझ्या नवऱ्याचा रंग बघा.”

डेंगलरांनी अत्यंत सभ्यपणे सांगितलं की रंग, गणवेश आणि एकूण छाप हे वर कठड्यापाशी बसलेल्या पंचांकडे येतं, आपल्याकडे फक्त रेघ. मग त्यांनी तिला घड्याळ दाखवलं. ते मुळात दुष्ट गृहस्थ नव्हते. “बाई, पन्नास सेकंद राहिलेत. बार झाला की तुम्ही जा, हे दोघं जातील, मी स्वतः उचलायला हात लावीन.”

मागे बाकांवर गाव बसलेलं होतं. कोणी ओरडलं नाही. फक्त ‘पन्नास’ हा आकडा एकाकडून दुसऱ्याकडे वर वर गेला, आणि वरपर्यंत पोचला तेव्हा अठ्ठेचाळीस झाला होता. न्हावी मिल्टन एबी कठड्यावर ओणवून समजुतीच्या सुरात म्हणाला, “लॉटी, अगं आता झालंच की. एवढं थांबलीस तसं आणखी थोडं.”

“माझा बाप खाणीत गाडला गेला,” लॉटी म्हणाली, “तेव्हा पाळी सुटायला झालंच होतं. आत जाऊन बघा म्हटलं तर म्हणाले, भोंगा होऊ दे.”

आणि ती आत गेली. रेघेवर पाय देऊन गेली, म्हणजे धड ओलांडलीही नाही. झारा कमरेला खोचला, ढोलाच्या पट्ट्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि नवऱ्याला मागे ओढायला लागली. स्टॅश विरोध करत होता, पण हलायचं नाही या अटीवर विरोध करणं अवघड असतं. तो रेघेबाहेर आला : आधी पीस, मग डोकं, मग ढोल, शेवटी दोन टाचा. टाचांनी चुन्यात दोन चर पाडले. तो आमच्या बाजूला आल्याबरोबर आमचे पाय मोकळे झाले, आणि मी अभिमानाने सांगतो की त्यानंतर लेस्टरने आणि मी एक क्षणही दवडला नाही. आम्ही मैदानाचा दरवाजा ओलांडत होतो तेव्हा मागे बार झाला.

हिशोब पुढीलप्रमाणे लागला. बाहेरची व्यक्ती आत, दोन गुण. वादकाची दोन पावलं बाहेर, दोन दशांश. रेघ विद्रूप करणे, एक दशांश. (झाऱ्याबद्दल संशयाचा फायदा देण्यात आला.) पाच पंचांनी आम्हाला दिलेले गुण होते पंच्याऐंशी पूर्णांक चार, म्हणजे लीडीविलपेक्षा एक दशांश जास्त. हातात आले त्र्याऐंशी पूर्णांक एक. आम्ही दुसरेही आलो नाही. तिसरे आलो.

स्टॅश वाचला. हृदयाचा झटका होता. इस्पितळात शुद्धीवर येताच त्याने विचारलं, “किती?” लॉटीने नाडीचे ठोके सांगितले. तो म्हणाला, ते नाही. मग तिने तेही सांगितलं. त्यानंतर तो सहा आठवडे तिच्याशी बोलला नाही. डॉक्टरांनीही बोलायची मनाईच केली होती, त्यामुळे त्यातलं औषध किती आणि राग किती हे शेवटपर्यंत कळलं नाही.

गावाने लॉटीला वाईट वागवलं असं मुळीच नाही. लोक तिला ओळख दाखवत. पुढच्या शनिवारी तिच्या टोपलीतल्या पिरोगी मात्र उरल्या, त्याच्या पुढच्याही. मिल्टन एबीने दुकानात सर्वांच्या वतीने मत मांडलं की बाईचं मन आम्हाला कळतं, पण घाई झाली. महामंडळाने तर उदारपणे नियमावलीत नवं कलम घातलं : वादक आडवा झाल्यास त्याच्या विवाहित जोडीदाराला रेघेच्या बाहेर, एक यार्ड अंतरावर, बसायला खुर्ची मिळेल.

हे सगळं तिथेच मिटलं असतं. पण डॉक्टर माणूस बोलका. त्यांनी मिल्टनच्या खुर्चीत बसून, गळ्याला टॉवेल बांधलेल्या अवस्थेत सांगितलं की आणखी एक मिनिट उशीर झाला असता तर स्टॅश हाती लागला नसता. कात्री थांबली. आम्ही आठ-नऊ जण होतो, प्रत्येकजण जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, लाज वाटतेय सगळ्यांना, मलाही वाटतेय.

मग लेस्टर हळूच म्हणाला, “मिनिट म्हणजे साठ.”

सगळ्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. साठातून पन्नास गेले, उरले दहा. दहा सेकंद शिलकीत होते, चषक आमचा होता आणि स्टॅशही आमचाच होता.

वाचकहो, ही वजाबाकी लेस्टरने करायच्या आधीच ज्यांची झाली होती, त्यांनी संकोच करू नये. ब्रेकरटनच्या पथकात मोठ्या ढोलाची जागा रिकामी आहे. अर्ज साध्या कागदावर चालेल, विवाहितांनी जोडीदाराचं संमतिपत्र जोडावं. संगीत येत नसलं तरी हरकत नाही.