लिफ्टवाला जिन्याने जातो

माणसाने एकदा मनावर घेतलं की काय अशक्य आहे? काही नाही! आणि मी तर ठरवलं की ठरवलं, अशा जातकुळीचा माणूस. मग ते तडीला जावो नाहीतर खड्ड्यात जावो! बायको म्हणते, आजवरचा सगळा साठा खड्ड्यातच आहे. पण तिच्याकडून निःपक्षपाती मताची अपेक्षा मी लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिली.

तर मी ठरवलं, रोज व्यायाम करायचा. जिम नको, चटई नको, पहाटेचा गजर तर नकोच नको. आमचं ऑफिस सातव्या मजल्यावर आहे. जाता-येता जिन्याने जायचं, बस्स! योजना इतकी साधी होती की तिच्यातून संकट निघेल असं शेंबड्या पोरालाही वाटलं नसतं. एकच बारीकशी अडचण होती. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. सातव्या मजल्यावरचं ऑफिस लिफ्ट कंपनीचं आहे. आणि त्या इमारतीची लिफ्ट आमच्याच कंपनीने बसवली आहे आणि तिची देखभालही आम्हीच करतो.

व्यायाम का सुरू केला असं ज्याने त्याने विचारलं. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं, "वैयक्तिक कारण आहे."

बायको म्हणाली, "वैयक्तिक? माझ्याशिवाय तुमचं वैयक्तिक असं काय असतं?"

तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण तुम्ही त्या इमारतीत राहत नाही.

झालं असं. एके दिवशी सकाळी मी हत्यारांची पिशवी घेऊन लिफ्टपाशी आलो. आत पाच जण उभे होते. इमारतीचे सेक्रेटरी, त्यांच्या सौ., तिसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाई, पाचव्या मजल्यावरचे निवृत्त कॅप्टन आणि सहाव्या मजल्यावरच्या आजी. लिफ्टमध्ये पाटी आहे, 'सहा माणसे'. पाच आणि एक सहा. हिशेब सरळ होता. मी आत पाऊल टाकलं आणि घंटा वाजायला लागली! ओव्हरलोडची घंटा! मी पाऊल बाहेर घेतलं, घंटा थांबली. पिशवी बाहेर ठेवली आणि पुन्हा आत गेलो. पुन्हा ट्रिंगssss!

पाच जोडी डोळे माझ्या पोटावर येऊन थांबले. कोणी काही बोललं नाही. आजी तर सौजन्याने छताकडे बघू लागल्या. बोलले असते तर बरं झालं असतं हो! त्या शांततेत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य निघालं.

"सेन्सर बिघडलेला दिसतोय," मी म्हणालो. "बघतो मी. तुम्ही व्हा पुढे."

दार बंद झालं. मी जिन्याकडे वळलो आणि पहिल्या पायरीवरच प्रतिज्ञा केली. या लिफ्टमध्ये आता सहावा म्हणून जाईन तो घंटा न वाजवताच!

पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला. चौथ्यावर मी कठड्याला मिठी मारली. सातव्यावर पोचलो तेव्हा कंपनीचे मालक म्हणाले, "काय रे, लिफ्ट बंद आहे का?"

"नाही साहेब," मी धापा टाकत म्हणालो, "वैयक्तिक... कारण..."

इकडे मी घाम गाळत होतो आणि तिकडे इमारतीत वेगळंच शिजत होतं. मेकॅनिक स्वतः म्हणाला, लिफ्टमध्ये बिघाड आहे. आणि त्या दिवसापासून मेकॅनिक स्वतः लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही! स्वयंपाकीच जर घरून डबा आणायला लागला, तर त्या खाणावळीत कोण जेवेल?

तिसऱ्या मजल्यावर डेंटिस्टबाईंनी मला गाठलं.

"सेन्सर दुरुस्त झाला?"

"हो हो! केव्हाच! एकदम ठणठणीत!"

"मग तुम्ही जिन्याने का?"

"वैयक्तिक कारण आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या दाढ दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे पाहत असतील. मग म्हणाल्या, "या, बसा. कॉफी घ्या. किती दमलात!"

मी बसलो. बाईमाणसाचं मन मोडवत नाही माझ्याच्याने. कॉफीबरोबर केक होता. केकबरोबर प्रश्न होते. दोर झिजलाय का? ब्रेक लागत नाहीत का? मालकांनी बोलायला बंदी केली आहे का? मी प्रत्येक प्रश्नाला मान हलवून 'नाही' म्हणत होतो, आणि तोंडात केक असल्यामुळे ते 'नाही' काहीसं दुःखी दिसत असावं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या सौ.नी पहिल्याच मजल्यावर दार उघडलं. "अहो, जरा टेका. सँडविच केलेत. आपल्या माणसांपासून काय लपवायचं?" पाचव्यावर कॅप्टन बिस्किटांचा डबा घेऊनच उभे असत. सहाव्यावर आजी लाडाने हातावर चॉकलेटं ठेवत आणि पाठीवरून हात फिरवून म्हणत, "सांग बाळा, खरं सांग. मी कोणाला बोलणार नाही." इतकी प्रेमळ चौकशी माझ्या सासुरवाडीत कधी झाली नाही! पण मी बधलो नाही. खाल्लं सगळं, सांगितलं काही नाही. निर्धार म्हणतात तो हाच!

आणि व्यायामाचा गुण येऊ लागला होता बरं का. सातव्या मजल्यावर मी आता धापा न टाकता पोचत होतो. मजल्यामजल्यावर बसत गेलं तर दम कशाला लागतोय, ही शंका बायकोने काढली. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

हळूहळू लिफ्ट ओस पडली. सेक्रेटरी जिन्याने, सौ. जिन्याने, डेंटिस्टबाई जिन्याने. कॅप्टन तर दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचे आणि वर पोचल्यावर उगाचच पुन्हा खाली यायचे. आजींच्या गुडघ्यांना जिना झेपणारा नव्हता. पण संध्याकाळी खाली बाकावर मैत्रिणींशी गप्पा मारल्या नाहीत तर त्यांना घास जात नसे. मग सेक्रेटरी आणि कॅप्टन त्यांना लाकडी खुर्चीत बसवून खाली आणू लागले आणि वर नेऊ लागले. एकदा चौथ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली. मी खालून येत होतो, धावत जाऊन खुर्चीचा पाय धरला. आजी हसत होत्या, पण कठडा काही सोडत नव्हत्या.

"पडले असते तरी लिफ्टमध्ये पडण्यापेक्षा बरं," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस म्हणून वाचलो आम्ही सगळे."

एका घंटेची लाज झाकायला मी एका म्हातारीला खुर्चीतून खाली-वर करायला लावलं होतं. उद्या सगळं खरं सांगून टाकायचं, मी ठरवलं. पण उद्या उजाडायच्या आत मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"इमारतवाले आपल्याला काढून दुसरी कंपनी आणतायत," ते म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. मालक ओरडत असले की भीती नसते. शांत असले की समजावं, आपलं काही खरं नाही. "म्हणतात, तुमचा माणूसच तुमच्या लिफ्टला भितो. शनिवारी बैठक आहे. तिथे तू त्यांची खात्री पटवायचीस. नाही पटली तर हे काम गेलं, आणि कामाबरोबर तूही गेलास. काय कारण आहे तुझं ते जिन्याने जायचं?"

"वैयक्तिक आहे साहेब."

"शनिवारपर्यंत सार्वजनिक कर!"

शनिवारी तळमजल्यावर लिफ्टसमोर बैठक भरली. सगळी इमारत जिन्यावर ओळीने बसली होती. सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि दुसऱ्या कंपनीचं पत्रक सगळ्यांना दिसेल असं हातात धरलं. मालक माझ्याकडे बघत होते. आता सांगावंच लागणार होतं. पण ऐन वेळी माझ्या सुपीक डोक्यात कल्पना चमकली. न सांगताच काम होत असेल तर?

"मंडळी!" मी म्हणालो. "शंकाच नको! त्या दिवशी आपण जे सहा जण होतो, तेच सहा जण आत्ता लिफ्टमध्ये शिरू. मी सर्वांबरोबर वर जाईन आणि खाली येईन. मग तर झालं?"

कुजबुज झाली. कॅप्टन उठले. "चला! मरणाला मी कधी भ्यालो नाही!" सेक्रेटरी उठले, कारण सौ.नी त्यांना उठवलं. डेंटिस्टबाई आल्या. आजींना मी हात धरून आत नेलं. पाच जण उभे राहिले. मी खोल श्वास घेतला, पोट आत ओढलं, त्याने वजन कमी होत नाही हे मेकॅनिक असून विसरलो, आणि आत पाऊल टाकलं.

घंटा वाजली नाही!

अहो, वाजली नाही! दुसरं पाऊलही आत घेतलं. अगदी शांतता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांचे घाम, धापा, पायांचे गोळे, सगळं फळाला आलं होतं. आम्ही वर गेलो, खाली आलो. दार उघडलं. मी विजयी वीरासारखा बाहेर पडलो.

"थांबा!" कॅप्टन गरजले. "त्या दिवशी याच सहा जणांना घंटा वाजली होती. आज वाजली नाही!"

"म्हणजे?" सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे त्या दिवशी नुसती बिघडली होती. आता पार मेली!"

एकच गलका झाला. "आम्हाला न सांगता तशीच चढवली!" "आजी होत्या हो आत!" सौ.नी सेक्रेटरींचा हात घट्ट धरला. कोणीतरी दुसऱ्या कंपनीचा फोन नंबर मोठ्याने वाचायला लागलं. मालकांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझी नोकरी मला डोळ्यांसमोर जिना उतरताना दिसली.

"घंटा ठणठणीत आहे!" मी ओरडलो. "त्या दिवशीही ठणठणीत होती! बिघाड माझ्यात होता!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मी जड आहे," मी म्हणालो. "घंटा माझ्यामुळे वाजली. लाज वाटली म्हणून सेन्सरवर ढकललं. आणि वजन उतरवायला जिना धरला. तुम्हाला भीती घातली, आजींना खुर्चीत बसवून हाल केले. चुकलं माझं. पण आता मी बारीक झालोय, म्हणून घंटा वाजली नाही!"

मला वाटलं, आता कोणीतरी हसेल, कोणीतरी टाळ्या वाजवेल. पण सगळ्यांत आधी किंचाळले ते मालक.

"बारीक झालास? कोणाला विचारून?"

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ओव्हरलोडचा सेन्सर तपासायचा तर माहीत असलेलं वजन लिफ्टमध्ये ठेवावं लागतं. लोखंडी वजनं कोण वाहणार? म्हणून मालकांची एक सोपी पद्धत आहे. ते वजनांऐवजी मला उभं करतात. माझं वजन त्यांना पाढ्यासारखं पाठ आहे. गावभरच्या लिफ्टा माझ्यावर जुळवलेल्या आहेत!

"अरे, गेल्या दोन महिन्यांत तपासलेल्या सगळ्या लिफ्टा चुकल्या की रे!" मालकांनी कपाळावर हात मारला. "आणा! वजनकाटा आणा!"

तळमजल्यावरच्या किराणा दुकानातून पोती तोलायचा काटा आणला गेला. मी बूट काढले. घड्याळ काढलं. खिशातल्या किल्ल्याही काढल्या. अख्ख्या इमारतीसमोर काट्यावर चढलो. मालक खाली वाकले, आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली.

"शाब्बास रे माझ्या वाघा! तसूभर हलला नाहीस! उलट किंचित वरच आहेस!"

"शक्य नाही!" मी म्हणालो. "मग घंटा का नाही वाजली?"

त्यावर डेंटिस्टबाई काट्याकडे निघाल्या. त्यांच्यामागे सेक्रेटरी, मग सौ., मग कॅप्टन. एकेक जण चढला, आकडा वाचला आणि एकेकाचा चेहरा उजळला. सौ. तर दोनदा चढल्या. कॅप्टननी पट्टा दाखवला. त्याला कात्रीच्या टोकाने नवं भोक पाडलेलं होतं. जिना चढून, उतरून आणि आजींना वाहून माझे चारही यजमान कसे सडसडीत झाले होते! त्यांचे केक, सँडविच आणि बिस्किटं तेवढी माझ्याकडे सुरक्षित होती.

काम वाचलं, नोकरी वाचली. आजी त्याच संध्याकाळी लिफ्टने खाली आल्या आणि बाकावर दिवेलागणीपर्यंत बसल्या. मला पाहून त्यांनी जवळ बोलावलं आणि माझा कान पिळला. जोरात पिळला. मग मला फार बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, आता तरी जिना सोडला असेल! छे! ठरवलं की ठरवलं. सोमवारी सकाळी मी पुन्हा पहिल्या पायरीवर हजर. आता कोणाचंही दार उघडलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना! दुसऱ्या मजल्यावर माझा भाता सुरू झाला, तिसऱ्यावर मी कठडा धरून उभा राहिलो. मागून पावलं वाजली. सेक्रेटरी, सौ., डेंटिस्टबाई आणि कॅप्टन, चौघंही ट्रॅकसूट घालून ओळीने वर येत होते. आता त्यांना सवयच लागली म्हणे. माझ्यापाशी येऊन सगळे थांबले, कारण माझ्या बाजूने जायला जागा नव्हती.

कॅप्टननी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "तुम्ही आपले लिफ्टने जा हो. एकटेच आहात. घंटा नाही वाजायची."