बदली आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही

ललितच्या गळ्यात शिट्टी पडली, ती त्याला नाही म्हणता न आल्यामुळे. गंगापूर रोडच्या मैदानावर दहा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल मॅच होती आणि रेफरीची गाडी नेमकी वाटेत पंक्चर झाली. कोच मनीषा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही अंबडला सुपरवायझर ना? एवढी माणसं सांभाळता, ही तर पोरं!"

ललितला खरं तर निवांत बसून मॅच बघायची होती. त्याची वेदिका आजवर नुसती बाकावर बसून होती. आज ती नक्की खेळणार म्हणून त्याची आई कुसाबाई सिन्नरहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आली होती, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन. आणि आता बापच रेफरी! मॅडम वेदिकाला उठवायला लागल्या की ललित घाईघाईनं नकाराची मान हलवायचा. लोकांनी नावं ठेवायला नकोत.

पहिला हाफ सुरळीत गेला. दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या आणि मॅडमनी विचारलं, "सर, बदली खेळाडू पाठवू?"

अंबडच्या कारखान्यात ललित दोन गोष्टी शिकला होता. चालती लाइन थांबवायची नाही आणि बदली माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. त्यानं खेळ चालू ठेवूनच हात केला, "नवा आधी आत या, मग जुना बाहेर!"

"बाबा, उलटं असतं!" वेदिका बाकावरून ओरडली. "खेळ थांबवायचा, आधी जुना बाहेर, मग नवा आत!"

"रेफरीला शिकवायचं नाही."

नवा आत आला. जुना, म्हणजे हर्षल, काही बाहेर जाईना. "काका, मी दमलोच नाही!" म्हणत तो बॉलमागे पळाला. कामगार शिफ्ट सुटायची वाट बघतात, ही पोरं सुटायलाच तयार नव्हती. ते पाहून समोरच्या टीमच्या रावजी सरांनीही आपली पोरं आत सोडली. बघता बघता मैदानाचा आठवडे बाजार झाला. एकेका गोलमध्ये दोन-दोन गोलकीपर आपापसांत भांडू लागले. बाकावर उरल्या वेदिका आणि कुसाबाई.

"आरं ललित, समदं गाव खेळतंय," कुसाबाई कडाडली. "माझ्या नातीनंच तुझं काय घोडं मारलंय?"

ललितला ते लागलं. त्यानं पोरीचा पडलेला चेहरा पाहिला. "वेदिका, आत!" तो म्हणाला.

आता जास्तीची पोरं बाहेर काढायची कशी? त्यानं शिट्टी फुंकली, दटावलं, हात जोडले. एक पोर हलेल तर शपथ! मग त्याला कारखान्यातली चहाची सुट्टी आठवली.

"आई, डबा उघड!"

झाडून सगळी पोरं लाडवांवर तुटून पडली, चारही गोलकीपरांसकट. मैदानात उरली एकटी वेदिका आणि बॉल. सबंध पहिल्या हाफमध्ये बाकावरून तिनं आपली टीम कुठल्या गोलवर चाल करते ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. ती त्याच गोलकडे सुसाट पळाली आणि लाथ हाणली. बॉल सावकाश घरंगळत आत गेला.

बाजू बदलल्यात, हे बिचारीच्या ध्यानातच नव्हतं.

मनीषा मॅडमनी कपाळावर हात मारला. "रेफरी, निकाल काय?" रावजी सर म्हणाले.

ललितनं पाहिलं. पोरगी दोन्ही हात वर करून नाचत होती. त्याच्या आईचे डोळे भरले होते. आणि आज तरी त्याला पक्षपाती म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्यानं लांबलचक शिट्टी फुंकली.

"गोल!"

कुसाबाईनं डब्यातला उरलेला लाडू शेजारच्या रावजी सरांच्या हातावर ठेवला. "आमच्या पोरीनं मारलाय, बरं का!"

"लय भारी मारला, आजी," ते तोंड भरून म्हणाले. "पुढच्या मॅचलाही हिला खेळवाच."