पिंपळे गुरवमधली सुरक्षित वेगवाढ

जी गोष्ट व्यवस्थित चालू आहे ती आणखी वेगाने चालवता येईल, हे ज्याला सुचत नाही तो माणूस समाधानी असतो. आणि समाधानी माणसांच्या हातून आजवर एकाही औद्योगिक वसाहतीची भरभराट झालेली नाही.

चाकणच्या पट्ट्यात हे सत्य वेगळं शिकवावं लागत नाही. तिथे नवं यंत्र येतं तेव्हा त्याच्या अंगावर पत्र्याची एक पट्टी असते आणि तिच्यावर यंत्राचा वेग कोरलेला असतो. हे यंत्र बनवणाऱ्याचं मत. विकत घेणाऱ्याचं मत वेगळं असतं, आणि महिनाअखेरीला ते आणखी वेगळं होतं. घरातल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत याच तत्त्वाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसरने सेकंदाला किती ठोके टाकायचे हे कारखान्यात ठरलेलं असतं; आपण मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरून तो आकडा वाढवायचा, एवढंच. यात धोका असतो, म्हणून ते सुरक्षितपणे करायचं असतं. आणि सुरक्षितपणे करायचं म्हटलं, की एका माणसाचं काम राहत नाही.

मिहिर भौतिकशास्त्राचा पदवीधर. चाकणला ब्रेकचे पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटी विभागात आहे. दिवसभर तो चांगल्या पाइपांमध्ये वाईट पाइप शोधतो, आणि एकही सापडला नाही तर का सापडला नाही हे त्याला मीटिंगमध्ये सांगावं लागतं. अशा शिक्षणातून जी नजर तयार होते ती संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना काढून ठेवता येत नाही. ती पिंपळे गुरवच्या घरापर्यंत सोबत येते आणि जेवायच्या ताटावरूनही फिरते. (पोळ्यांचा व्यास दर पोळीला बदलतो, हे त्याने आईला एकदा सांगितलं होतं. पुढचे काही दिवस पोळ्या त्यानेच लाटल्या. त्या सगळ्या एकाच व्यासाच्या आणि एकाच प्रमाणात कच्च्या झाल्या.)

त्याची धाकटी बहीण इरा अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होती. चार मिनिटांची एक फिल्म तिने वर्षभर खपून एकटीने केली होती आणि ती सोमवारी सकाळी दहाला कॉलेजात द्यायची होती. पदवी त्या फिल्मवर होती. शिवाय पुण्यातल्या एका स्टुडिओचा माणूस ती मोठ्या पडद्यावर बघायला येणार होता, म्हणजे नोकरीही तिच्यावरच होती. इराचं काम संपलं होतं. उरलं होतं ते कॉम्प्युटरचं: एकेक चित्र उजेड-सावलीसकट पूर्ण करून ओळीने लावायचं. याला रेंडर म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी आठला कॉम्प्युटरने हिशोब करून सांगितलं, चाळीस तास लागतील.

“चाळीस तास,” मिहिर म्हणाला. क्वालिटीतली माणसं समोरच्याने सांगितलेला आकडा नुसता परत उच्चारतात, तेव्हा काहीतरी बंद पडायची वेळ आलेली असते.

“रविवारी दुपारी बाराला होतंय, दादा. द्यायचंय सोमवारी. मला घाई नाहीये.”

“घाई नाही म्हणूनच आत्ता करायचं. घाईत केलं की त्याला जुगाड म्हणतात.”

मग त्याने तिला समजावून सांगितलं. प्रोसेसरचा गुणक, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा आकडा, सध्या बेचाळीस आहे. तो मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेका पायरीने वाढवत पंचेचाळीसपर्यंत नेला, तर चाळीस तासांचं काम सव्वासदतीस तासांत होईल. पावणेतीन तास वाचतील. वाचलेल्या पावणेतीन तासांचं मी काय करू, असं इराने विचारलं. तो प्रश्न प्रॉडक्शनचा आहे, क्वालिटीचा नाही, असं उत्तर तिला मिळालं.

इथवर प्रकरण दोन भावंडांमधलं होतं आणि तसंच राहिलं असतं तर अर्ध्या तासात संपलं असतं. पण ‘सेटिंग’ हा शब्द बाहेरच्या खोलीत ऐकू गेला. बाहेरच्या खोलीत प्रभाकरराव होते.

मिहिरचे वडील प्रभाकरराव पिंपरीतल्या एका कंपनीच्या मेंटेनन्समधून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं सुरक्षा त्यांच्याकडे होती, आणि सुरक्षेतून माणूस निवृत्त होत नाही, फक्त त्याचा पगार थांबतो. “चालू यंत्राची सेटिंग बदलताय? कोणाच्या परवानगीनं?” असं विचारत ते आत आले. परवानगी लागत नाही, हे उत्तर ज्या घरात चाललं असतं तसं हे घर नव्हतं. म्हणून रेंडर थांबवून एक समिती झाली. प्रभाकरराव अध्यक्ष, मिहिर सचिव. आई शुभदाबाईंना सदस्य केलं, कारण समितीत एक बाई असावी लागते आणि चहाही लागतो. इराला निरीक्षक म्हणून बसू दिलं. तिचं नुकसान होण्याची शक्यता असल्यामुळे तिला मत देता येणार नव्हतं.

समितीचं पहिल्या दिवसाचं काम कुणीही नाव ठेवू नये असं झालं. मिहिरने सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला, म्हणजे काही बिघडलं तर मूळ आकडे हाताशी राहतील. (हे खरोखरच करावं.) कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण उघडून आतली धूळ काढली. तीत बडीशेप निघाली, ती कोणी खाल्ली यावर चर्चा झाली. मे महिना होता, म्हणून हॉलमधला कूलर कॅबिनेटसमोर लावायचा प्रस्ताव आला. पाणी आणि वीज यांच्यात अध्यक्षांनी आयुष्यभर जे अंतर ठेवलं होतं त्यापेक्षा हे कमी भरल्यामुळे तो फेटाळला गेला. त्याऐवजी झोपायच्या खोलीतला टेबल-पंखा आणून पूर्ण वेगावर लावला. आता कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याला दुसऱ्या खोलीतलं काही ऐकू येत नव्हतं. ही गैरसोय किरकोळ धरली गेली.

शनिवारी सकाळी गुणक त्रेचाळीस झाला. मिहिरने तापमान बघितलं, बासष्ट अंश. छोटी चाचणी घेतली, पास. चव्वेचाळीस केला, सदुसष्ट अंश, पास. प्रत्येक पायरीनंतर प्रभाकरराव कॅबिनेटच्या पत्र्याला तळहात लावून बघत आणि मान हलवत. पडद्यावरच्या आकड्यावर त्यांचा एवढाच विश्वास होता. पंचेचाळीसला तापमान त्र्याहत्तर झालं, चाचणी पास. ठरवलेला आकडा आला होता. इथे थांबायचं, हे मिहिरला माहीत होतं.

पण चाकणला कुठलाही आकडा गाठला गेला की तो लगेच सोपा वाटायला लागतो. ज्याने तो गाठला त्यालाच, ‘मग हा आधी एवढा कमी का ठेवला होता?’ असा संशय येतो. मिहिरने गुणक सेहेचाळीस केला, सेटिंग जतन केली, आणि पडदा काळा झाला तो काळाच राहिला.

यात घाबरण्यासारखं काही नसतं. बहुतेक मदरबोर्ड अशा वेळी आपणहून मूळ सेटिंगवर येतात. हा आला नाही. मग वीज काढून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटं काढून ठेवायचा, की त्याला आपण काय शिकवलं होतं ते तो विसरतो. काम पाच मिनिटांचं आहे. मिहिरने पिन काढायला हात पुढे केला, तेव्हा प्रभाकररावांनी तो धरला.

“नुसती पिन काढून यंत्रात हात घालायचा नाही. पिन कुणीतरी परत लावतं.”

“कोण लावणार, बाबा? घरात आपण चौघं.”

“तिथंही आम्ही सगळे ओळखीचेच होतो.”

कारखान्यात यंत्र उघडण्याआधी त्याची वीज मुळापासून बंद करतात आणि बटणाला कुलूप घालतात. ज्याचं कुलूप, त्याच्याच खिशात किल्ली. ते दुसऱ्या कोणी काढायचं नाही, साहेबांनीही नाही. प्रभाकररावांनी आपलं कुलूप नोकरीत एकदाही दुसऱ्याच्या हातात दिलं नव्हतं, आणि त्यांच्या हाताखालच्या सगळ्या माणसांची दहाही बोटं शाबूत होती. (या वाक्यात विनोद नाही.) ते लाल कुलूप त्यांनी कपाटातून काढलं आणि दाराजवळच्या विजेच्या पेटीला लावलं. वर एक लाल पाटी अडकवली: ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ पाटीवर त्यांचा मिशा काळ्या असतानाचा फोटो होता. त्याच पेटीतून फ्रिजलाही वीज जात होती, त्यामुळे दुधाचं पनीर करावं लागलं. त्याची नोंद समितीने ‘इतर लाभ’ या सदरात घेतली.

सेल निघाला. पाच मिनिटं झाली, परत बसला. आता कुलूप काढायचं, एवढंच राहिलं होतं. पण या पाच मिनिटांत प्रभाकरराव कासारवाडीला गेले होते. तिथे त्यांच्या जुन्या विभागातल्या एकाच्या मुलाचा साखरपुडा होता. रिक्षा खाली उभी होती, ते उशीर करत नसत, आणि किल्ली नियमानुसार त्यांच्या खिशात होती.

इराने फोन केला. पलीकडे सनई चालू होती. तिने सांगितलं की सेल बसवून झाला आहे, कुलूप साधं आहे, आणि दादा म्हणतो पेटीचा कडी-कोयंडा सोडवला तर ते न तोडताही निघेल.

“निघेल गं. म्हणूनच काढायचं नसतं,” प्रभाकरराव म्हणाले. “मी आलो की काढतो. जेवलात का?”

कुलपाला कोणी हात लावला नाही. बाहेरचा कोणी म्हणेल की पक्कड घेऊन काम उरकलं असतं. त्याने असं कुलूप तोडल्याच्या गोष्टी या घरातल्या मुलांइतक्या लहान वयात ऐकलेल्या नसतात. तिघं अंधारात पनीर खाऊन झोपली. मंडळींनी आग्रह केल्यामुळे प्रभाकरराव कासारवाडीलाच राहिले.

रविवारी सकाळी त्यांनी येऊन, आधी सगळ्यांना कॅबिनेटपासून दोन पावलं मागे उभं करून, कुलूप काढलं. कॉम्प्युटर सुरू झाला. मिहिरने गुणक पंचेचाळीसवर आणला. घड्याळात नऊ वाजले होते. सोमवारी दहा वाजेपर्यंत पंचवीस तास हातात होते आणि रेंडरला सव्वासदतीस लागणार होते. इराने तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली. मिहिरलाही वजाबाकी येत होती, पण त्याच्या दृष्टीने आता त्याहून गंभीर प्रश्न उभा होता: एकदा बंद पडलेल्या यंत्राला पुन्हा पास कसं म्हणायचं? अध्यक्षांचं मत स्पष्ट होतं. एक पूर्ण शिफ्ट चालवून बघायचं.

त्याप्रमाणे नऊ ते पाच चाचणी झाली. या चाचणीत प्रोसेसरला अवाढव्य गणितं घालतात. त्यांची उत्तरं आधीच माहीत असतात. (चाकणला याला ऑडिट म्हणतात.) तो कॉम्प्युटर त्या दिवशी आयुष्यातल्या सर्वात जास्त वेगाने चालला.

“आत्ता तो करतोय काय?” इराने दुपारी विचारलं.

“गणितं.”

“कशासाठी?”

“चुकतो का बघायला.”

“मग त्याऐवजी माझीच फिल्म करू दे ना, दादा. चुकला तर तिथंही दिसेल.”

“चाचणी झाल्याशिवाय मशिनवर गिऱ्हाइकाचा माल टाकत नाहीत.”

“गिऱ्हाईक कोण?”

“तू,” मिहिर म्हणाला, आणि तापमान बघायला वळला. त्र्याहत्तरच होतं. ते बघून त्याला जे समाधान झालं ते खोटं नव्हतं.

पाचला चाचणी निर्दोष पार पडली. प्रभाकररावांनी पत्र्याला हात लावला, शुभदाबाईंनी चहा केला, आणि सचिवांनी निष्कर्ष वाचून दाखवला: प्रत्येक रेंडरमागे पावणेतीन तासांची कायमस्वरूपी बचत. इराने खुर्चीवर बसून फिल्मची लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली, म्हणजे काम पावपट झालं, आणि रेंडर लावला. तो सोमवारी पहाटे पूर्ण झाला. एकदाही अडखळला नाही. यंत्र खरोखरच उत्तम झालं होतं.

कॉलेजच्या मोठ्या पडद्यावर ती फिल्म दमट काचेतून बघितल्यासारखी दिसली. दोन परीक्षकांना त्यामुळे ती प्रायोगिक वाटली आणि इरा पास झाली. स्टुडिओच्या माणसाने नीट दिसेल अशी प्रत असेल तर पुढच्या वर्षी पाठव म्हणून सांगितलं आणि आपलं कार्ड दिलं. मिहिरने कंपनीत या प्रयोगावर सादरीकरण केलं. त्याला प्रमाणपत्र आणि स्टीलचा थर्मास मिळाला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाने हात वर करून विचारलं, की सत्तेचाळीस का नाही केला.

सोमवारी संध्याकाळी इरा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. शुभदाबाईंनी भाजी चिरता चिरता तिला काहीतरी विचारलं. इरा बोलायला लागली, आणि बराच वेळ हातवारे करकरून बोलत राहिली. शुभदाबाईंच्या हातातली सुरी थांबली. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि चिरायला घेतलेली भाजी कांदा नव्हती. मिहिरला हे कॉम्प्युटरसमोरून दिसत होतं. पंखा पूर्ण वेगावर असल्यामुळे ऐकू मात्र काही आलं नाही. आईने नक्कीच फिल्म कशावर होती असं विचारलं असणार, हे त्याच्या लक्षात आलं. आणि आपण ते तीन दिवसांत एकदाही विचारलं नाही, हेही. उठून विचारावं असं त्याला वाटलं. तेवढ्यात तापमान एका अंशाने वाढलेलं दिसलं.

त्याला अजून ते माहीत नाही. वाचकाने त्याला हसायला हरकत नाही. फक्त हसण्याआधी एवढं आठवून बघावं, की पंचेचाळीसला तापमान त्र्याहत्तर होतं हे आपल्याला पाठ झालं असताना, पोरीची फिल्म कशावर होती हा प्रश्न आपल्याला कितव्या परिच्छेदात पडला होता.