तीन राजे आणि एक स्टोअरकीपर

“राज्य चालवणं आणि कारखान्याचं स्टोअर चालवणं यात काडीचाही फरक नाही,” असं निवृत्त स्टोअरकीपरांनी जाहीर केलं आणि मग हळूच विचारलं, “हे सुरू कुठून होतं?”

लेकीनं बटण दाखवलं. ती दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला निघाली होती. एक पाय दाराबाहेरच होता. कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात तिचं एक राज्य होतं. शेजारची तीन राज्यं कॉम्प्युटर स्वतः चालवत असे. सलग शंभर खेळ्या युद्धाशिवाय काढल्या की ‘शांतिदूत’ हा किताब मिळणार होता, पण रविवार संध्याकाळच्या आत. चार महिने त्या तिघांची मनधरणी करून तिनं अठ्ठ्याऐंशी खेळ्या काढल्या होत्या.

“बाबा, बाराच उरल्यात. ‘पुढची खेळी’ दाबायचं. कुणी काही मागितलं तर देऊन टाकायचं. भांडायचं नाही.”

“भांडण? चौतीस वर्षांत माझ्या खिडकीवर कुणाचा आवाज चढला नाही.”

हे खरं होतं. त्या खिडकीवर आलेली माणसं आवाज चढवण्याच्या पलीकडे गेलेली असत.

पहिल्याच खेळीला उत्तरेच्या राजाचा निरोप आला : ‘मित्रा, दुष्काळ पडला आहे. वीस पोती धान्य दे.’ स्टोअरकीपरांनी कोठार उघडून पाहिलं. चाळीस हजार पोती! त्यांचे डोळे पाणावले. दुष्काळानं नव्हे, शिल्लक बघून. “मागणीपत्र कुठाय?” त्यांनी पडद्याला विचारलं. पडद्यावर तीनच उत्तरं होती : ‘देतो’, ‘देत नाही’ आणि ‘आधी तुम्ही काय देता?’ तिसरं त्यातल्या त्यात नियमाला धरून वाटलं. ते दाबताच राजाच्या भुवया एकमेकींना भिडल्या आणि लेकीच्या राज्याच्या नावाखालचा ‘सज्जन’ हा शब्द जाऊन तिथे ‘व्यवहारी’ आला. स्टोअरकीपरांना ती बढती वाटली.

मग दक्षिणेच्या राणीनं सहा घोडे भेट पाठवले. आयुष्यात पुरवठादाराकडून साधी डायरी न घेतलेला माणूस तो! त्यांनी ताठ मानेनं ‘भेट परत करा’ दाबलं. राणीनं कळवलं, ‘हा अपमान आम्ही विसरणार नाही.’ ‘व्यवहारी’चं ‘उद्धट’ झालं.

रविवारी सकाळी पश्चिमेच्या राजाकडून शंभर पोती मीठ यायचं होतं, आलं सत्त्याण्णव. आता मालात तूट आली म्हणजे मोजणी आलीच. मोजायला दोन माणसं पुरली असती, पण त्या खेळात सरहद्दीवर पाठवायला पाचशेची पलटणच मिळत होती. त्यांनी पलटण पाठवली. ‘उद्धट’चं ‘आक्रमक’ झालं, आणि सत्त्याण्णवाव्या खेळीला तिन्ही राज्यांचं संयुक्त पत्र आलं : ‘अठ्ठ्याण्णवाव्या खेळीस आम्ही चाल करून येऊ.’

नेमका तेव्हाच लेकीचा फोन आला. “बाबा, कसं चाललंय?”

“सगळं नियमानुसार.”

‘नियमानुसार’ हा शब्द कानावर पडताच स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली. ती एका दातांच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात बसे. दाढ ठणकणाऱ्या माणसाला पाऊण तास हसत बसवून ठेवणं हे तिचं रोजचं काम. तिनं पत्र वाचलं.

“सरका.”

“अगं, हा आंतरराष्ट्रीय प्रश्न आहे.”

“पोरीचे चार महिने गेलेत त्यात. सरका म्हटलं ना! हे ‘कौतुक करा’ काय आहे?”

“ते फुकट आहे.”

“मग दाबलं का नाही?”

“फुकटचा माल कधी धड असतो का?”

तिनं तिघांसाठीही दाबलं. “खोटं कौतुक करायचं?” स्टोअरकीपर कळवळले.

“खोटं कशाला? राणीचा किल्ला बघा, किती स्वच्छ ठेवलाय. आपल्या पोरीनं बघा कसा पसारा मांडलाय. आता ते घोडे परत मागवते.”

“आपणच परत केलेला माल?”

“दिलेलं परत आलं की माणूस दुखावतो. तेच आपण मागून घेतलं की फुलतो. गप्प बसा.”

घोडे आले. पाठोपाठ तिनं उत्तरेला शंभर पोती धान्य पाठवलं. स्टोअरकीपरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “वीस मागितली होती त्यानं!”

“तेव्हा मागितली होती. आता रुसलाय. रुसलेल्याला मापात देत नसतात.”

शेवटी तिनं पलटण माघारी बोलावली.

“आणि तीन पोती मीठ? त्याची नोंद काय करू?”

“‘वाटेत सांडलं’ अशी करा.”

संयुक्त पत्र मागे घेतलं गेलं. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. तुताऱ्या वाजल्या, पडद्यावर फुलं पडली, आणि लगेच फोन वाजला. “बाबा! किताब मिळाला! मला मोबाइलवर दिसलं! तुम्ही कमाल केलीत!”

स्टोअरकीपरांना ‘हो’ म्हणायला काही लागलं नसतं. पण चौतीस वर्षांची सवय आडवी आली. “माल माझ्या खिडकीवरून गेला, बाळा,” ते म्हणाले, “पण सही आईची आहे.”

किताब मिळाल्यावर खेळ बंद व्हायला हवा होता, झाला नाही. दुपारभर राणी गाऱ्हाणी सांगत होती, उत्तरेचा राजा सल्ले मागत होता, आणि बायको तिघांनाही “हो हो, बघते हं, पाचच मिनिटं” म्हणत खेळवत होती. संध्याकाळी स्टोअरकीपर स्वतः चहा करून घेऊन आले आणि कप ठेवून अदबीनं उभे राहिले.

“हे बघ, राज्य तुझं. कोठाराच्या किल्ल्याही तुझ्याच. माझी कशालाच हरकत नाही. पण एक विनंती आहे.”

“बोला.”

“तुझ्या पाठीमागची उशी तेवढी दे. सकाळपासून कंबर धरलीय.”